पणजीचं माहेर कुठलं?

बऱ्याच घरांत एक वंशावळ असते. कुणा काकांनी निवृत्तीनंतर खटपट करून जमवलेली, मोठ्या कागदावर झाड काढून फांदीफांदीवर नावं लिहिलेली, कुलसंमेलनात झेरॉक्स करून वाटलेली. बुंध्याशी मूळ पुरुष, वर मुलगे, नातू, पणतू, खापरपणतू. आमच्याकडेही आहे. एका दुपारी मी नुसतं मोजून पाहिलं. सात पिढ्या मागं गेलं की त्या पायरीवर कुणाचेही १२८ पूर्वज असतात, आणि आईबापांपासून तिथवरची बेरीज होते २५४. आमच्या झाडावर त्यातले माझे सात. बाप, आजा, पणजा असे एकाखाली एक. बाकीचे २४७ त्या कागदावर नाहीतच.

त्या २४७ पैकी कुणाकडेही जायचं तर वाटेत एक तरी बाई लागते. म्हणून वंशशोधाला बसताना ‘आमचा मूळ पुरुष कोण’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवावा. ‘पणजीचं माहेर कुठलं’ हा प्रश्न जास्त कामाचा. आपल्यात कुणाकुणाचा वारसा मिसळलाय याची उत्तरं बहुतेक त्याच वाटेवर पडलेली असतात.

आकडा आणखी वर नेला तर गंमत होते. दहाव्या पिढीला १,०२४ पूर्वज, विसाव्या पिढीला साडेदहा लाखांच्या आसपास, तिसाव्याला १०७ कोटींच्या वर. एक पिढी २८ वर्षांची धरली तर तीस पिढ्या म्हणजे देवगिरीच्या यादवांचा काळ, आणि तेव्हा साऱ्या जगात मिळून एवढी माणसं नव्हती. मग हिशेब चुकला कुठं? चुकला नाही, तीच माणसं पुन्हापुन्हा मोजली गेली. मामाच्या मुलीशी लग्न केलेला कुणी घ्या. त्याच्या मुलाला पणजे-पणज्या मिळून आठ हवेत, पण असतात सहाच, कारण एक जोडी दोन्हीकडून येते. आपल्याकडे आते-मामे लग्नं पिढ्यान्‌पिढ्या होत आली, त्यामुळे आपलं झाड वर जाताना झाडासारखं पसरत नाही, कोळ्याच्या जाळ्यासारखं आपल्यातच गुंतत जातं.

सुरुवात घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून करायची. पण ‘आजी, तुझ्या आजीचं नाव काय?’ असं थेट विचारलं की बहुतेकदा ‘कोण जाणे बाई’ एवढंच उत्तर येतं. प्रसंग विचारावेत. दिवाळीला तुझ्या आईला न्यायला मुराळी कोण यायचा? कुठल्या गावाहून? बैलगाडी की होडी? वाटेत मुक्काम कुठं पडायचा? तुझा थोरला भाऊ कुठं जन्मला? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा. पहिलं बाळंतपण माहेरी करायची चाल असल्यामुळे घरातल्या थोरल्या मुलाच्या जन्माची नोंद बापाच्या गावात सापडत नाही, आईच्या माहेरच्या गावात असते. नोंद मिळत नाही म्हणून लोक हात टेकतात, तेव्हा ते पुष्कळदा चुकीच्या गावात शोधत असतात.

मराठी माणसाच्या तीनपदरी नावाचा इथं मोठा फायदा. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. एकच नाव हाती लागलं तरी एक पिढी फुकटात मिळते. शिवाय आज्याचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे रामजीचा विठोजी, विठोजीचा रामजी अशी साखळी जुळते. अर्थात याच पद्धतीपायी दोन वेगळे रामजी एकच समजले जातात आणि वंशावळीतून दोन पिढ्या गडप होतात, हेही खरं.

बायकांच्या बाबतीत मात्र हा सगळा फायदा उलटा फिरतो. लग्नात बापाचं नाव जातं, आडनाव जातं आणि पुष्कळ घरांत ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहून पहिलं नावही जातं. म्हणजे माहेरच्या कागदातली मुलगी आणि सासरच्या कागदातली बाई यांच्यात एकही शब्द सामाईक नाही. माझ्या पणजीचं माहेरचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. गाव कळलं ते एका आत्येआजीला तोंडपाठ असलेल्या जात्यावरच्या ओव्यांवरून. दळताना बायका आपल्या भावाचं नाव, माहेरची नदी, तिथल्या देवाची जत्रा गुंफत असत. इतिहासाचं साधन म्हणून घरात ओव्या शोधायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, पण मला तरी त्या कुलसंमेलनाच्या स्मरणिकेपेक्षा भरवशाच्या वाटतात. ओवी रचणाऱ्या बाईला कुणापुढे घराणं मिरवायचं नव्हतं.

कुलदैवत आणि देवक हीही खूण. घाटावर चार पिढ्या राहिलेल्या कुटुंबाचं कुलदैवत कोकणातल्या एखाद्या गावात असेल, तर कधीतरी कुणीतरी घाट चढून आलं असणार. माणसं शेतं, घरं, बोली मागं टाकतात, देव सहसा टाकत नाहीत.

आडनावावर मात्र फार विसंबू नये. पाटील, कुलकर्णी, देशमुख, चौगुले ही कामांची नावं; एका गावच्या पाटलाचा दुसऱ्या गावच्या पाटलाशी संबंध असायलाच हवा असं नाही. गावाला ‘कर’ जोडून झालेली आडनावं त्या गावातून बाहेर पडलेल्या कुणालाही लागली, मग जात कुठलीही असो. शिंदे, मोरे, जाधव, पवार, गायकवाड ही तर मराठा, धनगर, बौद्ध, मातंग, ख्रिस्ती अशा कितीतरी समाजांत आहेत. आणि आडनाव बदलतंही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचं जुनं आडनाव सकपाळ; आंबेडकर हे मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावावरून आलेलं. गोव्यात आणखी वेगळा मामला. सोळाव्या-सतराव्या शतकात धर्मांतर झालं तेव्हा बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं पोर्तुगीज आडनाव मिळत असे. त्यामुळे आडनाव डिसोझा किंवा फर्नांडिस आहे एवढ्यावरून पोर्तुगीज पूर्वज होता असं कुणी म्हणत असेल, तर तो अंगरख्यावरून रक्त ओळखतोय. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचं एक चांगलं, तिच्यात बापाबरोबर आईचंही नाव असतं. चर्चच्या नोंदी असलेल्या घरांना पणजी शोधणं आपल्यापेक्षा सोपं जातं.

आता सरकारी कागद. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि एकाएकी गावोगावची माणसं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जुनी बाडं उलटू लागली. राजकारण बाजूला ठेवा, पण वंशशोधाचे एवढे धडे एवढ्या लोकांनी एका वेळी कधी घेतले नव्हते. गाव नमुना १४, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘कोतवाल बुक’, हे नाव तेव्हा घरोघरी पोचलं. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. त्याआधी गावातले जन्ममृत्यू या वहीत टिपले जात. बारसं व्हायच्या आत नोंद झालेली असल्यामुळे बाळाच्या नावाच्या जागी बऱ्याचदा नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असतं. म्हणून बापाच्या नावावरून आणि अंदाजे सालावरून शोधावं लागतं. दुसरा कागद शाळेचा, प्रवेश-निर्गम रजिस्टर. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा नावाच्या मुलाचा प्रवेश झाला, ती नोंद आजही दाखवली जाते. तो भिवा म्हणजे बाबासाहेब. तुमच्या आज्याची नोंदही अशीच कुठल्यातरी जिल्हा परिषद शाळेच्या कपाटात असायची दाट शक्यता आहे, आणि तिच्यात जन्मगाव लिहिलेलं असतं.

तिसरा कागद जमिनीचा, आणि माझ्या मते सगळ्यात बोलका. सातबारा लोक पाहतात, पण सातबारा आजचा मालक सांगतो. मागं जायचं तर त्यावरच्या गोल केलेल्या फेरफार क्रमांकांचा माग काढायचा. प्रत्येक फेरफार म्हणजे एक गोष्ट: कुणी वारलं, कुणी वाटणी मागितली, कुणी गहाण टाकलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलींना बापाच्या मालमत्तेत हक्क दिला, तेव्हापासून वारस नोंदीत मुलींची नावं येऊ लागली. नावं आली म्हणून लगोलग हक्कसोड पत्रंही आली. भावाच्या भल्यासाठी बहिणीनं सही किंवा अंगठा द्यायचा आणि हिस्सा सोडायचा. त्या पत्रात बहिणीचं पूर्ण नाव असतं, नवऱ्याचं नाव, वय, राहायचं गाव. जमिनीतून बाईचं नाव काढायला केलेला हा कागद ती कुठं दिली होती हे पक्कं सांगतो. आमच्या झाडावर नसलेल्या तीन आत्येआज्या मला एकाच हक्कसोड पत्रात भेटल्या, एकाखाली एक तीन अंगठे.

याच्याही मागं गेलं की मोडी लागते. स्वातंत्र्यानंतर ती शाळांतून गेली आणि आज्याचं पत्र नातवाला परकं झालं. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, लेखणी न उचलता ओळ पुढे धावते. तरी शिकवणी लावली की सरावानं वाचता येऊ लागते. पण अक्षर लागलं म्हणून अर्थ लागतोच असं नाही. ‘संताजी बिन कृष्णाजी’ यातला बिन म्हणजे मुलगा. ‘वलद’ म्हणजेही तेच. आणि ‘सगुणा कोम राणू’ दिसलं तर कोमला जात समजू नका. सगुणा ही राणूची बायको. बिन, वलद, कोम हे तिन्ही शब्द अरबीतले. कुळाची शुद्धता सिद्ध करायला लोक जे कागद पुढे करतात, त्यात बापलेकाचं नातं सांगणारा शब्दच परदेशातून आलेला असतो, याची मला दर वेळी मौज वाटते.

सालांचाही घोळ असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. मराठवाड्याच्या कागदात फसली सन असेल तर ५९० मिळवा, पेशवाईतल्या शुहूर सनात ५९९. वर्षाची सुरुवात वेगवेगळ्या महिन्यात होत असल्यानं एखादं वर्ष इकडेतिकडे होतं. हे माहीत नसलं की फसली १३३० चा पणजा थेट शिवकालाच्या आधीचा वाटू लागतो. प्रत्यक्षात ते १९२० साल.

वतनदार घराण्यांना आणखी एक खजिना असतो: करीने, कैफियती, महजर, म्हणजे वतनाच्या तंट्यात मांडलेल्या हकिगती आणि त्यांचे निवाडे. पाटीलकी नेमकी कुणाची, देशमुखीत धाकट्या शाखेचा वाटा किती, असे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालत आणि प्रत्येक पक्ष आपली वंशावळ मांडत असे. इंग्रजी अमलात इनाम कमिशननं सनदांची चौकशी लावली तेव्हा पुन्हा तेच. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे कागद ढिगानं आहेत. पण वाचताना एक विसरू नये की ही वंशावळ खटला जिंकायला लिहिलेली आहे. वाटेकरी नको असेल तर एक भाऊ ‘निपुत्रिक’ होतो. दत्तक आलेला औरस दाखवला जातो. उलट पक्षाचा करीना मिळवून दोन्ही शेजारी ठेवले की मधलं खरं डोकावतं.

वतन नसलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी तीर्थक्षेत्रं. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया, हरिद्वार इथल्या तीर्थपुरोहितांकडे गावागावांच्या नामावळी असतात. आलेला यजमान आपल्या वाडवडिलांची, मुलाबाळांची नावं लिहून जातो. हरिद्वारच्या वह्यांची छायाचित्रं अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेनं १९७७ पासून घ्यायला सुरुवात केली, कारण एवढ्या जुन्या घरगुती नोंदी जगात फार ठिकाणी नाहीत. आणि कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या खेड्यांत अजून हेळवी येतात. काही वर्षांनी एकदा दारात येऊन चोपडी उघडायची, घराण्याची नावं सांगायची, मधल्या काळात जन्मलेली पोरं लिहून घ्यायची आणि धान्य-पैसा घेऊन पुढच्या घरी जायचं. आमच्या सोसायटीच्या दारात हेळवी येत नाही, वॉचमन सोडायचाही नाही. पण गावाकडच्या चुलत्याला विचारा.

हे सगळं झालं कागदांचं. मिश्र वारसा म्हणतात तो प्रत्यक्षात कसा दिसतो, याचं रायगड जिल्ह्यातलं उदाहरण फार बोलकं आहे. बेने इस्राएल म्हणजे मराठी बोलणारे कोकणातले ज्यू. पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर ही त्यांची आडनावं. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची परंपरागत कथा अशी की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून सगळा समाज वाढला. सात बायका या कथेत महत्त्वाच्या आहेत, कारण त्यांच्यामुळे बाहेरच्या कुणाची गरजच उरत नाही. समाजात पुढे ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन गट झाले. स्थानिक बायकांपासून झालेली संतती ती काळी, असं गोऱ्यांचं म्हणणं. एकमेकांत सोयरिकी होत नसत.

२०१६ साली त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पश्चिम आशियातल्या ज्यूंचा अंश त्यांच्यात आहे, म्हणजे समुद्रापलीकडून आल्याची आठवण पोकळ नव्हती. पण तेवढाच ठळक भारतीय अंशही आहे, आणि बापाच्या बाजूनं ज्यू, आईच्या बाजूनं मुख्यतः भारतीय असा तो कल आहे. ही सरमिसळ सुमारे १९ ते ३३ पिढ्यांमागं, म्हणजे साधारण ६५० ते १,०५० वर्षांपूर्वी झाली असा अंदाज निघाला. जहाज केव्हा फुटलं ते यातून कळत नाही. हा काळ मिसळण्याचा आहे, येण्याचा नाही. पण कथेतल्या त्या सात बायकांच्या जागी कोकणातल्याच बाया उभ्या राहतात. कुणाच्या तरी पणजीचं माहेर नवगावच्या आसपासच्या कुठल्यातरी वाडीत होतं आणि ते कथेतून पुसलं गेलं.

हा अभ्यास बाप आणि आई वेगळे कसे करतो? वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाला मिळतं, म्हणून ते कुलसंमेलनातल्या झाडासारखं, पुरुषांच्या एकाच रेषेनं जातं. मायटोकॉन्ड्रियातला डीएनए आई आपल्या सगळ्या मुलांना देते, पण पुढे तो लेकीच नेतात. ती आई, आजी, पणजी अशी रेष. या दोन्ही रेषा २५४ जणांतल्या प्रत्येकी सातच सांगतात. उरलेल्यांचा अंश बाकीच्या गुणसूत्रांत असतो, पण ती दर पिढीला पत्त्यांसारखी पिसली जातात. आईकडून निम्मं, बापाकडून निम्मं हे नक्की. आज्याकडून बरोबर पाव मिळेलच असं नाही. आठ-दहा पिढ्यांमागं तर असे खरेखुरे पूर्वज निघतात ज्यांच्या डीएनएचा एक कणही तुमच्यात उरलेला नाही. म्हणून चाचणीत एखादा प्रदेश दिसला नाही याचा अर्थ तिथला पूर्वज नव्हता असा होत नाही.

घरबसल्या थुंकी पाठवून करायच्या चाचण्यांत ‘अमुक टक्के दक्षिण आशियाई’ असं जे येतं, ते तुमची तुलना कुणाशी केली त्यावर ठरतं. कंपनीकडे कोकणातले नमुने थोडे असतील तर तुम्हाला गुजरात किंवा कर्नाटकाच्या खात्यात टाकलं जाईल, आणि पुढच्या वर्षी नमुने वाढले की तुमचे टक्के बदलतील. तुम्ही तेच, पूर्वजही तेच. तेव्हा टक्क्यांपेक्षा जुळलेले नातलग जास्त उपयोगी. आणि चाचणी करायच्या आधी घरात बोलून ठेवावं. दत्तक, दुसरं घर, न सांगितलेली बाळंतपणं यांची गुपितं या पाकिटातून अवचित बाहेर पडतात, आणि ज्यांना ती सोसावी लागतात त्यांनी थुंकी दिलेलीही नसते.

फार लांबचं पाहायचं तर, २०१३ च्या एका अभ्यासानुसार भारतातले प्राचीन गट सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळले आणि नंतर जातीतल्या जातीत लग्नं करू लागले. म्हणजे आधी सरमिसळ, मग दारं बंद. आपल्या वंशावळी दारं बंद झाल्यानंतरच्या.

शेवटी समुद्रापलीकडचं एक दफ्तर. १८३४ पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध मजूर मॉरिशसला नेले, एकूण साडेचार लाखांच्या आसपास. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, साताऱ्याकडची मराठी माणसं होती. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, जिथं ती उतरली, २००६ पासून जागतिक वारशात आहे आणि नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये. तिथं पुढे पूर्वजाचं पहिलं नावच घराण्याचं आडनाव होऊन बसलं, त्यामुळे इकडचं आडनाव विचारलं तर तिकडच्या लोकांना सांगता येत नाही. त्यांच्या हाती असतो तो एक क्रमांक. त्या क्रमांकासमोर नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा, जात, जिल्हा, परगणा, गाव, आणि १८६० च्या दशकापासून फोटोही. गावाचं नाव साहेबाच्या कानानं ऐकलेलं. ‘रुटनाघेरी’ असं दिसलं तर मोठ्यानं वाचायचं, रत्नागिरी ऐकू येते.

घाटावरच्या कारकुनाला मजूर आणि करार मोजायचे होते, म्हणून तिथं प्रत्येक माणसाचा स्वतंत्र क्रमांक आहे, बाईचासुद्धा. तिचं नाव, तिचं वय, तिची उंची. आणि ती निघाली ते गाव.